एकदा मशीन बंद करून बघा ना

संपादकांनी फोनवर सांगितलं, "चुरीसाहेब, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. गमती आहेत माझ्याकडे, चार-पाच तरी सहज निघतील. पण लिहायला बसलो की त्या सगळ्यांच्या पुढे एक मुलगी येऊन उभी राहते आणि म्हणते, "एकदा मशीन बंद करून बघा ना, सर." इतकी वर्षं झाली तरी तेच म्हणते. तेव्हा संपादकांनी मला माफ करावं. गमती आधी उरकून घेतो आणि मग तिच्याकडे येतो.

मी बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. मूळचा मी माहीमचा, केळव्याजवळच्या. घरची पानवेलीची वाडी सोडून मी हातात सोल्डरिंगची सळई धरली, म्हणून वडील शेवटपर्यंत मला 'रेडिओवाला' म्हणत. कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही आणि मीही समजावण्याच्या फंदात पडलो नाही. सालवडला चाळीत बिऱ्हाड, स्टेशनजवळ एक गाळा, एक स्कूटर आणि जवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या चौदा कंपन्यांचे देखभालीचे करार, एवढा माझा पसारा. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं होती. कंपनीत एखादंच मशीन असायचं आणि ते कंपनीतल्या एकमेव वातानुकूलित खोलीत ठेवलेलं असायचं. मॅनेजर घामाघूम झाला तरी चालेल, मशीन गार राहिलं पाहिजे, अशी रीत होती.

माझं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे खोडरबर. थट्टा नाही. तारापूरच्या वसाहतीत हवेतच अ‍ॅसिड. खिशातली पितळी किल्ली महिन्याभरात हिरवी पडायची, मग कॉम्प्युटरच्या आतल्या तारा-पत्र्यांचं काय होत असेल! आतल्या कार्डांच्या सोनेरी कडांवर काळपट थर बसायचा आणि मशीन आंधळं-बहिरं व्हायचं. मुंबईहून आलेला इंजिनीअर टाय सैल करून सांगायचा की अख्खा बोर्ड बदला. मी तो गेल्यावर कार्ड उपसायचो, शाळेतल्या साध्या रबरानं कडा घासायचो, परत बसवायचो, आणि मशीन चालू. वसाहतीत मला काही लोक 'रबरवाला' म्हणायचे. मला ते आवडायचं.

या हवेतूनच आमच्याकडे आणखी एक रीत पडली होती, आणि ती नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सकाळी एकदा चालू झालेलं मशीन संध्याकाळपर्यंत कोणी बंद करायचं नाही. बंद केलं तर परत चालू होईल याची खात्री नसे. आतली हार्डडिस्क गंजलेली, ती फिरायलाच नकार द्यायची. मग मला बोलवायचे आणि मी येऊन डब्याच्या उजव्या कुशीत एक थाप मारायचो. कुठे मारायची आणि किती जोरात, हे प्रत्येक मशीनचं वेगळं. काही कंपन्यांत मशीनवर 'दिवसा बंद करू नये' अशी चिठ्ठीच डकवलेली असे. एका ठिकाणचा स्टोअरकीपर तर सकाळी मशीन सुखरूप चालू झालं की मॉनिटरला हळदकुंकू लावायचा.

आता व्हायरस. हल्लीच्या मुलांना नवल वाटेल, पण तेव्हा व्हायरस तारेतून येत नव्हता, फ्लॉपीवरून येत होता. फ्लॉपी म्हणजे हाताच्या तळव्याएवढी चपटी तबकडी. या मशीनवरचं त्या मशीनवर न्यायचं तर ती घेऊन चालत जायचं. व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला छोटासा प्रोग्राम. तो फ्लॉपीवर लपून बसायचा, मशीनमध्ये शिरायचा आणि पुढची जी फ्लॉपी येईल तिच्यावर आपली नक्कल चढवायचा. बरेचसे व्हायरस नुसते वात्रट होते. एक पडद्यावरची अक्षरं पावसासारखी खाली पाडायचा. पण काही खरोखर सगळं पुसून टाकत.

असाच एक व्हायरस मार्च महिन्यातल्या एका ठरावीक तारखेला जागा होतो आणि हार्डडिस्क साफ करतो, अशी हाकाटी एका वर्षी उठली. पेपरात आलं, मग काय विचारता. माझा फोन दिवसभर खणखणत होता. मी सगळ्यांना एक शहाणपणाचा उपाय सांगितला. आदल्या संध्याकाळी बंद करण्याआधी मशीनमधली तारीख एक दिवसानं पुढे ढकला, म्हणजे सकाळी चालू कराल तेव्हा ती नेमकी तारीख उलटून गेलेली असेल. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. महिन्याभरानं एका मालकांचा फोन आला, की आमची पिंपं गिऱ्हाइकानं परत पाठवलीत. कारण काय, तर पिंपावरच्या लेबलावर उद्याची तारीख. जो माल अजून तयारच झालेला नाही तो आम्ही कसा घ्यायचा, असं गिऱ्हाईक विचारत होतं. तारीख पुढे ढकलायला मी सांगितलं होतं, परत मागे आणायला सांगायचं राहून गेलं होतं.

आम्ही सगळे पोट धरून हसलो तेव्हा. आज वाटतं, मला तिथेच अक्कल यायला हवी होती. त्या कंपनीत व्हायरस आलाच नव्हता. जो घोळ झाला तो माझ्या औषधानं झाला होता.

व्हायरस ओळखायला माझ्याकडे अँटिव्हायरसच्या फ्लॉप्या असत. त्या काम कशा करायच्या ते सोपं आहे. प्रत्येक व्हायरसच्या पोटात अक्षर-आकड्यांची एक खास ओळ असते, चेहऱ्यावरच्या तिळासारखी. अशा शेकडो ओळींची यादी त्या फ्लॉपीवर असे. ती मशीनची हार्डडिस्क आणि मेमरी चाळत जायची आणि यादीतली एखादी ओळ दिसली की बोंब ठोकायची. हवालदारानं चोरांचे फोटो खिशात घालून बाजारात हिंडावं, तसाच प्रकार. हवालदार चेहरा बघतो, माणूस बघत नाही. चेहरा जुळला की धरला. तो चुकीचा माणूस धरू शकतो हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं. बोंब ठोकली म्हणजे व्हायरस आहे, यात कुणाला शंका नसे, मला तर मुळीच नसे.

बोंब म्हणजे अख्खा पडदा लालभडक व्हायचा, कर्कश पीं-पीं सुरू व्हायची आणि मधोमध व्हायरसचं नाव झळकायचं. खरं सांगतो, त्या लाल पडद्यात माझा रुबाब होता. रबर घासणाऱ्याला कोण विचारतो? पण लाल पडदा आला की मॅनेजर स्वतः उठून मला खुर्ची द्यायचे. मी डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून बसायचो. चहाबरोबर बिस्किटं यायची.

गमती संपल्या.

कपड्याच्या रंगाचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत, म्हणजे सगळे म्हणतात त्या लॅबमध्ये, वनिता तांडेल नावाची मुलगी लागली. मुरब्याची, मच्छीमारांच्या घरातली. पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. तिची आई हिराबाई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची आणि माझं घर मासळीवर चालणारं, त्यामुळे मुलीच्या आधी मी आईला ओळखत होतो. वनिताला नोकरी लागली त्या आठवड्यात हिराबाईनं मला बोंबलांची एक जुडी जास्त घातली. म्हणाली, "आमच्या आळीतली पैली पोर हाय, टेबलावर काम करते. डोक्यावरची पाटी माज्यासंगं संपली आता. तिच्या डोक्यावर नाय येणार."

नेमणूक सहा महिन्यांची कच्ची होती. सहा महिने नीट गेले की कायमचं पत्र.

लॅबमध्ये प्रत्येक बॅचचा नमुना तपासायचा, काचेच्या नळीतलं रीडिंग घ्यायचं, त्यावरून मालाची शुद्धता काढायची आणि तसं सर्टिफिकेट छापायचं. त्या सर्टिफिकेटाशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नसे. गणित कागदावर चालायचं आणि घाईत चुकायचं. वनिता दर रविवारी पालघरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिथे बसून तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. रीडिंग टाका, शुद्धता बाहेर. फ्लॉपीवर घालून तो आणला आणि लॅबच्या मशीनवर चढवला. मी एकदा देखभालीला गेलो असताना तिनं तो मला दाखवला होता. मी मान हलवून "छान आहे" म्हणालो होतो आणि मनात म्हटलं होतं, मला असं काही लिहिता येत नाही. ते मनात कुठेतरी टोचलं होतं, हेही आज कबूल करतो.

गेटचा नियम असा होता की बाहेरून आणलेली फ्लॉपी पहारेकऱ्याकडे नोंदवायची. पण पहारेकरी नोंद झालेल्या फ्लॉप्या टेबलफॅनच्या मोटारीला टेकवून उभ्या करून ठेवायचा आणि मोटारीच्या चुंबकानं त्यातल्या निम्म्या मरायच्या. त्यामुळे सगळेच फ्लॉपी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आत आणायचे. अगदी मीसुद्धा. वनितानंही तेच केलं.

तिचे सहा महिने भरायला आठवडा उरला होता. सकाळीच त्या कंपनीतून फोन आला, की मशीन वेडंवाकडं छापतंय आणि ट्रक उभा आहे. मी गेलो. मॅनेजर नायरसाहेब दारातच उभे. माणूस वाईट नव्हता, पण उभा राहिलेला ट्रक दिसला की त्यांचा रक्तदाब चढायचा. मी मशीन चालू ठेवूनच मागची प्रिंटरची केबल उपसली, तिच्या टोकाच्या कडा घासल्या, छपाई ताळ्यावर आली. तिथेच मी सामान आवरून निघालो असतो तर आज हा लेख नसता.

पण माझ्याकडे नुकतीच दुसऱ्या एका अँटिव्हायरसची नवी फ्लॉपी आली होती. वसाहतीत ती फक्त माझ्याकडे होती आणि ती दाखवायची मला हौस होती. आधी मी नेहमीच्या जुन्या फ्लॉपीनं स्कॅन मारला. सगळं स्वच्छ. मग म्हटलं, "साहेब, एक और देखते हैं. सेकंड ओपिनियन." नायरसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "देखो, लेकिन मशीन बंद मत करना." मीही कशाला बंद करतोय, ते मशीन थाप खाणाऱ्यांपैकीच होतं. मी चालू मशीनवरच नवी फ्लॉपी घातली.

पडदा लाल झाला. व्हायरस मेमरीत जिवंत आहे म्हणून पीं-पीं सुरू झाली.

नायरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "कहाँ से आया?" त्यांनी सगळ्या लॅबला विचारलं. "बाहर से फ्लॉपी कौन लाया?" लॅबमध्ये चौघं होते. तिघं खाली बघत राहिले. वनितानं स्वतः ड्रॉवर उघडला आणि फ्लॉपी टेबलावर ठेवली. "माझी हाय, सर. प्रोग्रामची."

मी ती मशीनमध्ये घातली आणि नवा स्कॅन परत मारला. पुन्हा लाल. आज कळतं की तो स्कॅन तिच्या फ्लॉपीपर्यंत पोचलाच नव्हता. तो आधी मेमरी बघायचा आणि तिथेच बोंब ठोकून थांबायचा. तिची फ्लॉपी काढून तिथे कोरी फ्लॉपी घातली असती तरी लालच आलं असतं. पण तेव्हा बघणाऱ्या सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की हिची फ्लॉपी आत गेली आणि पडदा लाल झाला.

"चुरी, सीधा बोलो. इसी से आया?"

वनितानं माझ्याकडे पाहिलं. घाबरली होती, पण आवाज स्थिर होता. "सर, एकदा मशीन बंद करून बघा ना. क्लासमधी आम्हाला सांगतात, एक स्कॅन मारला की मशीन बंद करायचं, मगच दुसरा मारायचा. मला कारण माहीत नाय. पण एकदा बघा ना."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "क्लासमध्ये शिकवतात ते पुस्तकातलं. हे तारापूर आहे. बंद केल्यावर हे मशीन परत चालू होईल याची खात्री तू देशील? बाहेर ट्रक उभा आहे." अशी खात्री ती कुठून देणार? मग मी नायरसाहेबांकडे वळलो आणि म्हणालो, "लगता तो यही है, सर."

एवढंच म्हणालो. पण लॅबमध्ये कॉम्प्युटरचा जाणकार मी एकटाच होतो आणि मी म्हटलं म्हणजे झालं.

तिला त्याच वेळी पर्स आणि डबा घेऊन जायला सांगितलं. गेटचा नियम मोडला, कंपनीच्या मशीनला व्हायरस लावला, असा कागद तयार झाला आणि त्यावर तपासणारा म्हणून माझी सही झाली. ती गेल्यावर मी मशीन फॉरमॅट केलं, म्हणजे त्यावरचं होतं नव्हतं ते सगळं पुसून नव्यानं भरलं. तिचा प्रोग्रामही पुसला. कंपनीचं काही अडलं नाही, सगळी रीडिंग्ज रजिस्टरात होतीच. दुपारी ट्रक गेला. मला चहाबरोबर बिस्किटं आली आणि मी ती खाल्ली.

त्यानंतरच्या पंधरवड्यात वनिता तीनदा माझ्या गाळ्यावर आली. लांबून येताना दिसली की मी आतल्या पडद्यामागे जायचो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवलं होतं, साहेब साइटवर गेलेत म्हणून सांग. मला वाटलं, रडेल, नोकरीसाठी गयावया करेल, मला काय करता येणार आहे? तिसऱ्या वेळी ती बराच वेळ उभी राहिली. मी पडद्यामागे श्वास रोखून बसलो होतो. चाळिशीला आलेला, दोन मुलांचा बाप.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीत नवं कोरं मशीन आलं. खोका मी स्वतः फोडला, सगळं भरलं आणि सवयीनं दोन्ही स्कॅन मारले. पहिला स्वच्छ. दुसरा लाल. नाव तेच, त्या दिवशीचंच.

मी हबकलो. त्या मशीनमध्ये माझ्या फ्लॉप्यांशिवाय काहीही गेलं नव्हतं. मशीन नवं होतं, बंद करायची भीती नव्हती. बंद केलं, चालू केलं, फक्त दुसरा स्कॅन मारला. स्वच्छ. परत पहिला आणि त्यामागोमाग दुसरा. लाल. असं चार वेळा केलं. मग गाळ्यावर येऊन नव्या फ्लॉपीबरोबर आलेला कागद शोधला. मी तो उघडलाच नव्हता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, की दुसरा कुठलाही अँटिव्हायरस वापरला असेल तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय हा वापरू नये.

कारण साधं होतं. पहिली फ्लॉपी काम संपवून जाताना आपली यादी मेमरीत तशीच टाकून जायची. दुसरी येऊन तीच यादी वाचायची आणि व्हायरस सापडला म्हणून ओरडायची. मधे मशीन बंद केलं की मेमरी कोरी व्हायची आणि ती यादीही जायची. एका हवालदारानं दुसऱ्या हवालदाराच्या खिशात चोरांचे फोटो बघून त्यालाच चोर ठरवावं, असं ते होतं. त्या लॅबमध्ये व्हायरस नव्हताच. मेमरीत जे सापडलं ते मी नेलं होतं. मुलीनं मला चौघांसमोर नेमका इलाज सांगितला होता आणि मी तिला गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नायरसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुरी, उसकी जगह दूसरा आदमी आ गया. और गेट का नियम तो तोड़ा था ना?" मी म्हटलं, मी लिहून देतो की माझी तपासणी चुकली. ते म्हणाले, "दे दो. लेकिन फिर मुझे ऊपर भेजना पड़ेगा. तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट जाएगा और बाकी कंपनी में भी बात फैलेगी. सोच लो." ते धमकी देत नव्हते. जे होणार ते सांगत होते.

मी विचार केला. फार केला. चौदा कंपन्या, दोन मुलांची शाळा, स्कूटरचं पेट्रोल. विचार करता करता आठवडा गेला, मग महिना गेला. पत्र मी लिहिलं नाही. चूक तर कुणाच्याही हातून होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ते पत्र न लिहिणं ही चूक नव्हती. ते मी पुरत्या शुद्धीवर केलं.

वनिताला वसाहतीत पुन्हा काम मिळालं नाही. सगळ्या कंपन्यांचे लॅबवाले एकमेकांना ओळखत. तिचं नाव निघालं की म्हणायचे, ती व्हायरसवाली ना? एका कंपनीत तर माझ्यासमोर हे बोलणं झालं आणि मी मान खाली घालून कार्डाच्या कडा घासत बसलो.

आणि बाजारात हिराबाई होतीच. मी जागा बदलली असती, दुसरीकडून मासळी घेतली असती, तर तिला शंका आली असती म्हणून मी दर आठवड्याला तिच्याकडेच जात राहिलो. त्या प्रकारानंतर ती पहिल्यांदा भेटली तेव्हा पाटी बाजूला सारून उभी राहिली. "साहेब, माज्या पोरीनी काय चोरलं का? नाय ना? मग तिला का काडली? ती म्हणते मी काय नाय केलं. तुमी होता ना तितं?" मी म्हटलं, "मशीनचा प्रॉब्लेम होता, हिराबाई." ती म्हणाली, "मग तुमी एक शब्द टाका ना कंपनीत. तुमचं आयकतात." मी म्हटलं, "बघतो."

हे 'बघतो' मी तिला किती वर्षं सांगितलं? सहा तरी. दर वेळी ती जुडीत दोन बोंबील जास्त घालायची. मी नको म्हणायचो, ती घालायचीच. घरी बायको म्हणायची, ही बाई तुम्हाला फार मानते. ते बोंबील घशाखाली उतरायचे नाहीत, पण टाकूनही देता येत नसत.

मग एका वर्षी पावसाळा संपल्यावर बाजार परत भरला आणि हिराबाईच्या जागेवर वेगळीच बाई बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "हिराबाय गेली ना, आखाडात. ताप आला, गेली."

त्या दिवशी घरी येऊन मी पत्र लिहिलं. एका बैठकीत, न थांबता. तपासणी माझी होती, चूक माझी होती, वनिता तांडेल यांच्या फ्लॉपीत कोणताही व्हायरस नव्हता, खाली सही आणि गाळ्याचा शिक्का. सहा वर्षांपूर्वीही ते एवढंच लांब झालं असतं. मग स्कूटर काढून मुरब्याला गेलो.

समुद्राकाठी बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते. वनिता तिथेच सापडली. अंगानं भरली होती, उन्हानं रापली होती. डोक्यावर पाटी होती. मला बघून तिनं ती खाली ठेवली. ओळख पटायला वेळ लागला नाही.

मी पत्र पुढे केलं. तिनं हात पदराला पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं. मग घडी घालून म्हणाली, "हे मला माहीत हाय, सर."

"कधीपासून?"

"त्याच रविवारी. आमच्या क्लासच्या सरांकडं दोन्ही फ्लॉप्या मागून आणल्या. पैला स्कॅन मारला, मशीन चालूच ठेवलं, दुसरा मारला. लाल. मग बंद करून मारला. काय नाय. तवा कळलं."

"मग तू..." म्हणता म्हणता मी थांबलो. तीन वेळा पडद्यामागे बसलो होतो ते आठवलं.

"आलेली ना सांगायला," ती म्हणाली. "तीनदा आली. नोकरी मागायला नाय आलेली. म्हटलं, तुमाला कळलं नाय तर तुमी दुसऱ्या कंपनीत पण तसंच करशाल. अजून कोणाची जाईल."

मी वाळूत बसलो. विचारलं, "आईला सांगितलं होतंस?"

"सांगितलं. तिला नाय पटलं. ती म्हणायची, एवडा शिकलेला माणूस उगाच कशाला बोलंल, तूच कायतरी केलं असशील, मला सांगत नायस. मरायच्या आधी पण तेच विचारलं. वनी, खरं सांग, तू काय केलेलंस? मी म्हटलं, काय नाय केलं ग." ती समुद्राकडे बघत होती. "तुमच्याबद्दल चांगलंच बोलायची. दर आठवड्याला घरी येऊन सांगायची, साहेब बघतो म्हणालाय."

तिच्या हातात ते पत्र होतं. ज्या एका माणसाला ते वाचून दाखवायला हवं होतं ते माणूस राहिलं नव्हतं. वनितानं ते मला परत केलं. "तुमीच ठेवा. मला काय करायचं?"

तिनं पाटी उचलून पुन्हा डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि वळली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो पदरात घेतला असता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, एक विचारू? त्या दिवशी मशीन बंद केलं असतं, तर परत चालू झालं असतं का?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

तेही खोटंच होतं. फॉरमॅट करायचं तर मशीन बंद करून चालू करावंच लागतं. त्या दिवशी ती डबा घेऊन गेटबाहेर पडल्यावर मी ते बंद केलं होतं आणि थाप मारायची तयारी ठेवून परत बटण दाबलं होतं. थाप मारावी लागली नाही. पहिल्याच वेळी चालू झालं.